कारल्याचा बाप

८ जानेवारी
आले! लिपाच्या बियाणे केंद्रावर येऊन पोचले आणि अजून कोणी मला परत पाठवलेलं नाही. वसतिगृहात खिडकीजवळची खाट मिळाली. खिडकीतून कारल्याचे मांडव दिसतात, मांडव संपले की नारळ. दुपारभर मी नुसती खिडकीत उभी होते. शेजारच्या खाटेवरची मुलगी, मला घरची आठवण येतेय असं समजून, पाठीवरून हात फिरवून गेली. कसली आठवण! मी आनंदाने नाचायच्या बेतात होते.

भाजीच्या वाणांच्या पैदाशीचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण. आम्ही अकरा जण. दहांकडे विद्यापीठाची पदवी. माझ्याकडे शेतकी शाळेचा दाखला आणि तीन वर्षं दुसऱ्यांच्या मांडवाखाली हाताने फुलं फळवून दुखावलेली मान. जूनमध्ये या अकरातून एकाला ठेवून घेणार. दोन वर्षं संशोधन, स्वतःचा मांडव, स्वतःचे संकर. एकच जागा. ती मला हवीय.

नाही मिळाली तर दुबई. माझ्या मावशीने, तिया लुमेनने, तिथे अत्तराच्या दुकानात माझी सोय लावून ठेवलीय, आणि ती सोय जूनअखेरपर्यंतच थांबणार आहे. नानायची, म्हणजे आईची, एकुलती एक मुलगी मी. मुलीच्या अंगाला अत्तराचा वास यावा असं तिला फार वाटतं. सध्या शेणखताचा येतो.

१३ जानेवारी
आज केंद्राच्या प्रमुख दोक्तोरा दिमायुगांनी सगळ्यांना मांडवाखाली उभं केलं. दिमायुगा म्हणजे न हलणारी, आणि बाई आडनावाला जागतात. दोन तास बोलल्या, डोळ्याची पापणी हलली असेल तर शपथ.

काम असं: प्रत्येकाने कारल्याचा एक संकर करायचा, त्याचं बी लावायचं आणि जूनमध्ये त्या वेलांसमोर उभं राहून सगळ्यांना हिशेब द्यायचा, आई कोण, बाप कोण, पोरं कशी निघाली. रोगाला पुरून उरणारी पोरं हवीत. रोग म्हणजे नामामाराको. वेल एकदम मर्दानी होऊन बसतो. पानंच पानं, नर फुलंच फुलं, फळाचा पत्ता नाही.

"आमच्या घरात आहे की एक तसा," मांडवाखाली काम करणारी एक बाई म्हणाली. "खातो, पसरतो, धरत काही नाही."

"मग त्याला बाराको पाजू नकोस," दुसरी म्हणाली.

बाराको म्हणजे वळू; रोगाचं नाव त्यावरूनच पडलं, आणि आमच्या लिपाच्या कडक कॉफीचं नावही तेच. हा विनोद इथे रोज होतो म्हणे, आणि रोज सगळ्या नव्याने हसतात. मीपण हसले. दोक्तोरा नाही हसल्या.

२१ जानेवारी
माझ्या शेजारच्या ओळी क्रिसान्तो अगबायानीला मिळाल्यात. उत्तरेकडच्या इलोकोसचा, उंच, कमी बोलणारा, विद्यापीठात पहिला आलेला. जागेसाठी माझा खरा प्रतिस्पर्धी हाच. हा माणूस पहाटे साडेपाचला मी येण्याआधी माझ्या ओळीपाशी उभा असतो. हातात दोन कप बाराको आणि गरम पान दे साल. म्हणतो, "चुकून दोन पाव घेतले." आठ दिवस झाले, रोज चुकतो. माझी कामाची पद्धत बघायला येत असणार. बघू दे. पाव मात्र चांगला असतो.

मी त्याला मानोंग म्हणाले. त्याच्याकडे थोरल्या भावाला तसंच म्हणतात, म्हटलं मान ठेवू. तर त्याचं तोंड कडू झालं. "मानोंग नको. नुसतं क्रिसान्तो म्हण."

विद्यापीठात शिकलेल्यांचं काही कळत नाही.

२ फेब्रुवारी
सगळ्यांना कळलं. नोव्हेंबरमध्ये माझा ठरलेला नवरा माझ्याच चुलतबहिणीशी लग्न करून मोकळा झाला, ते. आता मला सगळे 'कारलं' म्हणतात. प्रेमात पोळलेल्या माणसाला आमच्याकडे तेच म्हणतात, त्यात कारल्याच्या केंद्रावर आले म्हटल्यावर काय, आयतंच सापडलं. "कारलं, जेवायला चल!" "कारलं, तुझ्यात कडूपणा किती टक्के?" मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगू? त्या माणसाचा चेहरा आठवायला आज मला थोडा वेळ लागला.

क्रिसान्तो एकटाच मला कारलं म्हणत नाही. पण जेवताना म्हणाला, "आमच्याकडे कारल्याशिवाय घर चालत नाही." हा कोणाच्या बाजूने बोलतो तेच समजत नाही.

११ फेब्रुवारी
आज दोक्तोरांनी सगळ्यांना झापलं. कारण आमची टोपणनावं. इथे प्रत्येक वाणाला मांडवाखालच्या मंडळींनी नाव ठेवलंय. मऊ, गुबगुबीत फळांचं ते 'सासूबाई', रानातून आणलेलं बारक्या फळांचं ते 'डोंगरी'. पाहुण्यांसमोर कोणीतरी 'सासूबाई पुन्हा आजारी पडल्या' म्हणालं आणि दोक्तोरांचा पारा चढला.

"उद्यापासून फक्त खुणेचं नाव! पी म्हणजे पालक. सासूबाई पी-एक, डोंगरी पी-दोन. एफ म्हणजे पुढची पिढी. एफ-एक मुलं, एफ-दोन नातवंडं. कळलं?"

"कळलं," सगळे म्हणाले.

सगळ्यात मोठ्याने ताता पिलो म्हणाले. ते इथे तीस वर्षं आहेत, मांडव त्यांनीच उभे केलेत. नाव खरं तेओफिलो, पण त्यांच्या वेळच्या शाळेत वीसच अक्षरं होती आणि त्यांत एफ नव्हताच. 'पा' होता. म्हणून तेओफिलोचा पिलो झाला, कॉफी त्यांची कापी आणि फोन त्यांचा पोन. मला ते फार आवडतात. माझे आजोबाही असेच बोलायचे.

१२ फेब्रुवारी
आजचा दिवस! माझा पहिला स्वतःचा संकर झाला!

काल संध्याकाळी पी-एकच्या नऊ मादी कळ्यांना कागदी पिशव्या बांधून ठेवल्या होत्या, कुठली आगंतुक माशी शिरू नये म्हणून. बाप म्हणून मी डोंगरी निवडलं. फळ करंगळीएवढं, कडू जहर, पण रोगाला भीक घालत नाही. पहाटे मी आई-वेलापाशी उभी राहिले आणि ताता पिलोंना, नव्या नियमाप्रमाणे, अगदी शहाण्या मुलीसारखं सांगितलं, "ताता, पी-दोनची नऊ नर फुलं आणता?"

"पा-दोनची? नक्की?"

"नक्की."

"तुझी मर्जी," म्हणाले आणि गेले. डोंगरी पश्चिमेला आहे, पण ते पूर्वेच्या फाटकातून आले. वय झालंय, फिरायला आवडत असेल. आणि फुलं काय सुंदर! मला वाटलं होतं डोंगरीची फुलं नखाएवढी असतील, ही तर चांगली नाण्याएवढी, टवटवीत. तातांनी सगळ्यांत तगड्या वेलाची वेचून आणली म्हणे. एकेका फुलाच्या पाकळ्या काढल्या, मादी फुलाच्या तोंडावर हलकेच फिरवलं, पिशवी परत बांधली, लाल दोरा, चिठ्ठी: पी-एक आणि पी-दोन. नऊच्या नऊ!

शेजारच्या ओळीत क्रिसान्तो उभा होता. एकदा तातांकडे बघत होता, एकदा माझ्याकडे. तोंड उघडलं, मिटलं, आणि वहीत काहीतरी लिहिलं. जळला असणार.

१४ फेब्रुवारी
प्रेमाचा दिवस. खोलीतल्या तिघींना फुलं आली. मला क्रिसान्तोने दोनशे कागदी पिशव्या दिल्या, स्वतः कापून, चिकटवून, प्रत्येकीवर बारीक अक्षरात माझं नाव. काय उपयोगी माणूस आहे! मी विचारलं, "बाकीच्यांना किती दिल्या?" तो म्हणाला, "बाकीच्यांना नाही दिल्या." कागद संपला असेल.

दुपारी पूर्वेकडचा एफ-दोनचा तुकडा उपटून टाकला. जुन्या कुठल्याशा संकराची नातवंडं, बहुतेक सगळी रोगाने मर्दाळलेली. आता तिथे भेंडी लावणार.

१० मार्च
माझी फळं पिकली! नारिंगी झाली, तडकली, आतून लालभडक बिया. मी एक बी हातावर घेऊन पंधरा मिनिटं बसले होते. तातांनी विचारलं, "पोट दुखतंय का?"

मी म्हणाले, "ताता, ही माझी पोरं आहेत."

"मग त्यांच्यावर बसू नकोस," ते म्हणाले. एक खरंच माझ्या परकरावर होतं.

चाळीस बिया निवडल्या, उद्या भिजत घालणार.

२६ एप्रिल
फजिती. चाळीस वेल मांडवावर चढले, फुलले, धरायला लागले, आणि एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही! एकाची फळं लांब, एकाची ठेंगणी, एकाची पांढरी, एकाला काटे, एक तर भोपळ्याच्या वळणावर गेलंय. बाकी दहा जणांच्या ओळींत सगळी पोरं गणवेश घातल्यासारखी सारखी. माझ्या ओळीत जत्रा भरलीय.

"कारलं, तुझ्या घरात कोण कोण येऊन गेलं?" सगळे विचारतात. दोक्तोरा आल्या, ओळ बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि पुढच्या ओळीकडे वळल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. नानायला फोन केला आणि म्हटलं सगळं छान चाललंय. मग मी पाणी भरायच्या टाकीमागे जाऊन चांगली रडले, आणि बाहेर आले तर क्रिसान्तो टाकीच्या या बाजूला रुमाल घेऊन उभा. म्हणाला, "उपटू नकोस. एकही उपटू नकोस."

म्हणजे माझी फजिती जूनपर्यंत सगळ्यांना बघता यावी! मी रुमाल घेतला, पण आभार मानले नाहीत.

१८ मे
रोग आला. गरमीबरोबर पांढरी माशी आली आणि तिच्याबरोबर नामामाराको. तीन आठवड्यांत सगळे मांडव मर्दाळले. सुरेख सारखी पोरं, सगळी पानंच पानं, बायका हसून हसून बेजार. "सगळं गावच आमच्या नवऱ्यावर गेलं!"

पण माझी जत्रा! चाळीसांतले एकवीस गेले आणि एकोणीस हिरवेगार, फळं लटकलेली, जसं काही झालंच नाही. मी मोजले, पुन्हा मोजले, मग तातांना मोजायला लावले. एकोणीस! दोक्तोरा आल्या आणि पहिल्यांदाच मी त्यांची भुवई हललेली पाहिली. "डोंगरीचं हे काम नाही," त्या म्हणाल्या. "त्याने रोग अडवला असता, पण फळ करंगळीएवढंच दिलं असतं. हे काय आहे?"

"पी-एक आणि पी-दोन," मी म्हणाले. जागा माझीच. मला आज भात गेला नाही, इतका आनंद.

२ जून
हे लिहू की नको. लिहितेच.

आज तुलना म्हणून डोंगरीकडे गेले. फुलं नखाएवढी. बघत राहिले. मग तातांना शोधून काढलं.

"ताता, फेब्रुवारीत तुम्ही मला कुठली फुलं दिलीत?"

"पा-दोनची. तूच म्हणालीस ना."

"दाखवा कुठला वेल."

त्यांनी पूर्वेला हात केला. तिथे भेंडी आहे. "तिथे होता. सगळे मर्दाळले होते, हा एकटाच चांगला होता, म्हणून त्याची दिली. दोन दिवसांनी उपटलाच सगळा तुकडा."

"तो एफ-दोन होता, ताता!"

"तेच तर. पा-दोन."

पी त्यांना पा, आणि एफ म्हटलं तरी पा. नातवंडांच्या त्या तुकड्याला ते पहिल्यापासून पा-दोनच म्हणत होते. बापच असा मिसळीचा, मग पोरांची जत्रा भरणारच.

"मग तुला डोंगरी हवं होतं का?" ताता डोळे विस्फारून म्हणाले. "अगं, मग डोंगरी म्हणायचं ना पोरी!"

मी भेंडीत बसून हसायला लागले. थांबेचना. मग तातांचा चेहरा बघितला आणि थांबलं. ते हळूच म्हणाले, "दोक्तोराला सांगशील? मला काढतील का गं?"

५ जून
सांगितलं तर काय होईल, हे मला पाठ आहे. बाप माहीत नसलेला संकर म्हणजे कचरा. तो पुन्हा कोणी करून दाखवू शकत नाही, कारण तो वेल जमिनीत गाडला गेलाय. जागा गेली, दुबई आली, आणि तातांना बोल लागणार. नाही सांगितलं तर चिठ्ठीवर पी-दोन लिहिलेलं आहेच, आणि माझ्याइतकं चांगलं पीक कोणाचंच नाही. किती सोपं आहे. मी आज आरशासमोर उभी राहून "बाप: पी-दोन" असं सात वेळा म्हणून बघितलं. सातव्यांदा अगदी खरं वाटलं, आणि मला स्वतःचीच भीती वाटली.

जेवताना क्रिसान्तोने विचारलं, "बापाच्या रकान्यात काय लिहिणार आहेस?"

"तुला काय करायचंय?"

"काही नाही," म्हणाला, आणि स्वतःच्या ताटातला मासा माझ्या ताटात ठेवून उठला. याला नक्की काहीतरी कळलंय. हा मला पकडून देणार.

९ जून
सकाळी दहा वाजता, मांडवाखाली, सगळे जमलेले. माझी पाळी शेवटची. मी एकोणीस वेल दाखवले, फळं कापून दाखवली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोक्तोरांनी विचारलं, "आई?"

"पी-एक."

"बाप?"

तोंडात पी-दोन तयार होतं. खरंच होतं. पण तातांनी टोपी काढून छातीशी धरली होती, आणि मला वाटलं, मी खोटं बोलले तर दोन वर्षं रोज त्यांच्यासमोरून जावं लागेल. "बाप पी-दोन नाही," मी म्हणाले. "चूक माझी. मी फुलं तपासली नाहीत, आणि ताता जे म्हणाले ते नीट ऐकलं नाही. बाप एफ-दोनच्या तुकड्यातला एक वेल होता. कुठला, ते मला माहीत नाही. तो उपटला गेलाय."

मग कोणीतरी हसलं. दोक्तोरा म्हणाल्या, "मग ही ओळ मी काय म्हणून ठेवू?"

तेव्हा क्रिसान्तो उठला. हातात वही. मला वाटलं, आता हा उरलंसुरलं संपवणार. त्याने वाचलं: "बारा फेब्रुवारी, सकाळी पाच पन्नास. ताता पिलो, एफ-दोन, सातवी ओळ, चौथा वेल, नऊ नर फुलं. वेल निरोगी." मग खिशातून कागदाची पुडी काढली. "तुकडा उपटायच्या आधी मी त्या वेलाचं एक पिकलेलं फळ काढून ठेवलं होतं. हे त्याचं बी."

दोक्तोरा पुडीकडे बघत राहिल्या. "हे तू तुझं म्हणून मार्चमध्येच लावू शकला असतास."

"हो."

"मग?"

"फुलं तिने फळवली होती."

"आणि तिला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तिने सगळं फेकून दिलं असतं. आणि पी-एकची फुलं संपत आली होती, पुन्हा करता आलं नसतं."

आणि दोक्तोरा दिमायुगा हलल्या. आधी खांदे, मग पोट, मग आख्खी बाई हसायला लागली. "पा-दोन! तीस वर्षं हा माणूस एफलाही पा म्हणतोय आणि मी त्याला खुणेची नावं वापरायला लावली!" ताता टोपी घालायची की काढायची या विचारात पडले. मग त्या माझ्याकडे वळल्या. "बाप माहीत नसलेली ओळ मी फेकते. बाप माहीत नाही असं भरसभेत सांगणारं माणूस नाही फेकत. जागा तुझी. उद्यापासून या बियांवर काम सुरू कर. अगबायानी, तू वर्षभर हिच्या ओळींच्या नोंदी ठेवशील?"

तो म्हणाला, "ठेवतोच आहे."

पुढचं मला नीट आठवत नाही. मी बहुतेक तातांना मिठी मारली आणि कोणीतरी माझ्या डोक्यावर परातभर पाणी ओतलं.

१० जून
काल नानायला फोन लावला. मी आधी जागेचं सांगायला हवं होतं, पण तोंडातून आधी दुसरंच निघालं.

"नानाय, बाप सापडला!"

"कोणाचा?"

"पोरांचा! एकोणीस आहेत, सगळी ठणठणीत!"

पलीकडे काहीतरी पडलं, बहुधा पातेलं. "तेक्ला. कधीपासून चाललंय हे?"

"बारा फेब्रुवारीपासून. पहाटे झालं. मला तर आता जूनमध्ये कळलं."

"आणि तो कुठे आहे?"

"तो? त्याला उपटून टाकला गं केव्हाच. पण क्रिसान्तो सगळ्यांसमोर उभा राहिला. इलोकोसचा मुलगा आहे. वही घेऊन उभा राहिला!"

नानायने पातेलं उचलल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "त्याला फोन दे."

क्रिसान्तो शेजारीच होता, मी दिला. तो ताठ उभा राहून ऐकत होता. "हो, नानाय. नाही, नानाय. हो, मी जबाबदारी घेतो. हो, मनापासून. रविवारी येतो." मला हसू आवरेना. फोन बाजूला ठेवून मी त्याला पाव तास समजावलं, की बाबा, नानायचा गैरसमज झालाय, ती लग्नाचं बोलत होती आणि तू कारल्यांचं.

तो म्हणाला, "मी लग्नाचंच बोलत होतो."

मी त्याच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं असावं. मग नानायला परत फोन लावला आणि खरं काय ते सांगितलं. पोरं नाहीत, वेल आहेत. जागा मिळाली. तिया लुमेनला नाही म्हणून कळव. आणि रविवारी भात जास्त टाक.